जंतूची वाट

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रोगी ओळखले, तेव्हा या रोगाचा जंतू विज्ञानाला ठाऊक होऊन दोन वर्षे झाली होती. 1894 च्या हाँगकाँगमधल्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधला होता. त्याच सुमारास, तिथेच, शिबासाबुरो कितासातो यांनीही त्याचा माग काढला होता. मुंबईत तर वाल्डेमार हाफकिन यांनी काही महिन्यांत तो प्रयोगशाळेत वाढवला, त्यापासून लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. म्हणजे जंतूची ओळख पूर्ण पटलेली होती. तरीही सरकारी उपाय कोणते, तर गटारांत कार्बोलिकचे पाणी सोडणे, भिंतींना चुना फासणे, घरात ऊन पडावे म्हणून कौले उतरवणे, रोग्यांचे कपडेलत्ते जाळणे आणि घरातल्या धडधाकट माणसांनाही उचलून विलगीकरणाच्या छावणीत नेणे. यासाठी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात घरझडतीला गोरे सोजीर आले, लोकांचा संताप अनावर झाला आणि 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्ताचे प्रमुख अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. एवढे सगळे होऊनही प्लेग वर्षानुवर्षे परत येत राहिला. कारण ज्या वाटेने तो घरात शिरत होता, त्या वाटेवर पहाराच नव्हता.

संसर्ग समजून घेताना आपण बहुतेक वेळा जंतूच्या नावापाशी थांबतो, आणि फसतो तेही तिथेच. रोग्याच्या शरीरातून जंतू कुठून बाहेर पडतो, मधला प्रवास कशावरून करतो आणि निरोगी माणसात कुठून शिरतो, हे तीन प्रश्न सुटले की नाव ठाऊक नसतानाही साथ रोखता येते. ते सुटले नाहीत, तर नाव, चित्र आणि लस हाताशी असूनही माणसे मरत राहतात.

आधी जंतू म्हणजे काय ते थोडक्यात. रोज बोलताना आपण या एका शब्दात अगदी वेगवेगळे जीव कोंबतो. जिवाणू ही स्वतंत्र जगणारी एक पेशी असते. तिची लांबी साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग. क्षय, प्लेग, कॉलरा, विषमज्वर हे जिवाणूंचे रोग. विषाणू त्याहून कितीतरी लहान. डेंग्यूचे वीस विषाणू एका रांगेत ठेवले तर एका जिवाणूएवढी लांबी भरेल. विषाणूला स्वतःचा संसार नसतो, दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय तो वाढू शकत नाही. म्हणूनच जिवाणूंवरची प्रतिजैविके सर्दी, फ्लू किंवा डेंग्यूवर काहीही करत नाहीत. हिवतापाचा परजीवी या दोघांहून निराळा, आणि गजकर्ण आणणारी बुरशी आणखी निराळी. माणसाला आजारी पाडू शकणाऱ्या जाती सुमारे 1400 भरतात. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या आतड्यांत आणि कातडीवर मुक्कामाला असलेल्या जिवाणूंची नुसती संख्या शरीराच्या पेशींच्या बरोबरीची आहे, आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी किंवा उपयोगीच असतात. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. जाती शेकडो असल्या तरी शरीरात शिरण्याचे दरवाजे मोजकेच आहेत: तोंड, श्वास, डोळ्यांची आणि जननेंद्रियांची ओलसर त्वचा, कातडीवरची जखम, किडामुंगीचा दंश, सुई किंवा रक्त, आणि गर्भातल्या बाळासाठी आई. जंतूला पाय नाहीत, पंख नाहीत. कुणीतरी किंवा काहीतरी त्याला वाहून न्यावेच लागते.

वाट कळली की काय साधते, याचा सर्वांत भक्कम पुरावा लंडनमधला आहे. 1854 मध्ये तिथे कॉलराची साथ आली तेव्हा वैद्यकशास्त्रातले बहुतेक जाणकार दूषित हवेला, घाणीच्या वासाला दोष देत होते. जॉन स्नो या डॉक्टरांचे म्हणणे वेगळे होते: रोग आतड्यांचा आहे, तेव्हा तो तोंडावाटे येत असला पाहिजे. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा त्यांनी काढायला लावला ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते, पण तो काढला तोवर त्या गल्लीतली साथ ओसरू लागली होती, त्यामुळे पुरावा म्हणून ती लंगडी आहे. खरा पुरावा थेम्सच्या दक्षिणेला होता. तिथे दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून, शेजारशेजारच्या घरांत जात. एक कंपनी शहराची घाण मिसळलेले पाणी उचलायची. दुसरीने दोन वर्षांपूर्वी आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीपलीकडे हलवला होता. हवा तीच, वास तोच, राहणीमानही सारखेच. फरक फक्त पाण्याचा. स्नो यांनी घरोघर फिरून मृतांच्या घरी कुठल्या कंपनीचे पाणी येत होते ते शोधले. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे 315 माणसे दगावली होती, दुसरीच्या 37. कॉलराचा जंतू रॉबर्ट कोख यांनी इजिप्त आणि कलकत्त्यात हुडकून काढला तो त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी. स्नो तोवर हयात नव्हते, पण लंडनला कुठले पाणी पिऊ नये हे सांगायला त्यांचे काही अडले नव्हते.

प्लेगची वाट सापडली ती आपल्याकडे, आणि ती सापडण्याची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे. पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर मुंबईत आणि नंतर कराचीत रोगी तपासत होते. काही रोग्यांच्या कातडीवर एखादा बारीक फोड दिसे आणि प्लेगची गाठ नेमकी त्याच बाजूच्या जांघेत किंवा काखेत आलेली असे. त्या फोडातल्या पाण्यात प्लेगचे जंतू होते. जंतू हवेतून किंवा जेवणातून आला असता तर त्याने पोटरीवर खूण कशाला सोडली असती? 1898 च्या जूनमध्ये कराचीत त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने आजारी असलेला उंदीर ठेवला, त्याच्या अंगावर पिसवा सोडल्या आणि तो मरायला टेकल्यावर शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. मधल्या जाळीतून उंदराला उंदीर लागत नव्हता, पण पिसू आरपार जाऊ शकत होती. काही दिवसांत दुसरा उंदीर प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या बरणीत मात्र रोग पसरलाच नाही. इतका स्वच्छ पुरावा समोर असूनही त्या काळच्या तज्ज्ञांनी तो मानला नाही. शंका मिटायला 1905 पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेले प्रयोग यावे लागले. त्या संस्थेला आज आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. तिथल्या संशोधकांनी प्लेगच्या जागेत गिनीपिगचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या प्राण्याला प्लेग झाला, दोन फुटांवरच्याला झाला नाही. हवा दोन इंचांवर असते तशीच दोन फुटांवर असते. पिसूची उडी मात्र तेवढी उंच जात नाही. आपल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांनी यातला निम्मा भाग प्रयोगाशिवायच ओळखला होता. घरात उंदीर पडला की माणसे गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहत. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडले की पिसवा उपाशी राहतात आणि माणसाकडे वळतात, हे कारण त्यांना ठाऊक नव्हते, पण उंदरामागून माणसाची पाळी येते हे त्यांनी पाहिले होते. चुना आणि कार्बोलिकवर खर्च करणाऱ्या सरकारपेक्षा त्यांचा उपाय वाटेच्या कितीतरी जवळ जाणारा होता.

वाटेचा असा शोध घेतला की रोगाच्या लक्षणांकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते. कॉलऱ्यात रोग्याच्या शरीरातून पाणी वाहून जाते. 1959 मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवले, की हे काम जंतूने सोडलेल्या एका विषाचे असते आणि जंतू स्वतः आतड्याच्या भिंतीत घुसतही नाही. या पाण्याबरोबर अब्जावधी जंतू बाहेर पडतात आणि पुन्हा कुठल्यातरी विहिरीत, नाल्यात पोचतात. क्षयरोगी खोकतो, आणि खोकल्याबरोबर उडालेले सूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. रेबीजचा विषाणू लाळेत उतरतो आणि जनावराला चावरे करतो. प्लेगचा जंतू तर पिसूच्या अन्ननलिकेत गोळा होऊन तिचा घसाच बुजवतो; तिला रक्त गिळता येत नाही, ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्यात अडकलेले जंतू जखमेत ओकते. यामागे जंतूचा काही डाव नाही, त्याला हेतू नसतो. ज्या वंशाला बाहेर पडायची वाट मिळाली तोच टिकला, एवढेच. पण रोग्याला ज्याचा त्रास होतो, तीच पुष्कळदा जंतूच्या सुटकेची वाट असते, आणि म्हणून लक्षण हा आपल्यासाठी पहिला माग ठरतो.

यावर आक्षेप घेतले जातात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप शरीराच्या ताकदीचा. जंतू शिरला म्हणून प्रत्येक जण आजारी पडत नाही, मग वाटेला एवढे महत्त्व कशाला? म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1892 मध्ये हेच सिद्ध करायला कॉलऱ्याच्या जंतूंचे पाणी सर्वांदेखत पिऊन टाकले होते. त्यांचे किरकोळ जुलाबांवर भागले. मात्र त्यांचे सहकारी एमरिख यांनी तोच प्रयोग केला तेव्हा त्यांना चांगलाच त्रास झाला. शरीराची ताकद खरीच आहे. जठरातले आम्ल कॉलऱ्याचे बहुतेक जंतू मारते, म्हणून तो व्हायला जंतू मोठ्या संख्येने पोटात जावे लागतात. उलट रक्ती आव आणणाऱ्या शिगेलाचे शंभरापेक्षा कमी जंतूही पुरतात. क्षयाची लागण झालेल्यांपैकी पाच ते दहा टक्क्यांनाच पुढे आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांच्या शरीरात जंतू दबून राहतो. उपासमार, मधुमेह, एचआयव्ही यांनी शरीर खचले की तो डोके वर काढतो. म्हणून सकस जेवण हा क्षयावरचा खरा उपाय आहे, आणि मी तो दुय्यम मानत नाही. पण शरीराच्या ताकदीचा अंदाज आधी कुणालाच बांधता येत नाही. पेटेनकोफर वाचले, म्हणून दुसरा कुणी वाचेल असे नाही. शिवाय जंतूंची संख्या हा वाटेचाच प्रश्न आहे. पाणी जितके घाण, तितके जंतू पोटात जाणार.

दुसरा आक्षेप लसीचा. जेन्नर यांनी 1796 मध्ये देवीवर लस शोधली तेव्हा जंतू ठाऊक नव्हता आणि वाटेचा विचारही नव्हता. लस हे माणसाचे मोठे यश आहे याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्याच देवीचा शेवट कसा झाला ते पाहावे. भारतात नुसत्या सरसकट लसीकरणाने देवी जात नव्हती. रोगी कुठे आहे ते गावोगाव शोधायचे, त्याच्या संपर्कात कोण कोण आले याची यादी करायची आणि त्या सगळ्यांना लस टोचून रोग्याभोवती कडे उभारायचे, हा मार्ग धरल्यावर देवी हटली. 1975 मध्ये इथला शेवटचा रोगी सापडला. लस होती दीडशेहून अधिक वर्षे. देवीचा अंत झाला तो ती वाटेवर नेमकी उभी केल्यावर.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो सर्वांत गोंडस दिसतो: वाट कुठलीही असो, सगळीकडे स्वच्छता ठेवली की झाले. स्वच्छतेने तोंडावाटे होणारे रोग खरोखरच कमी होतात. साबणाने हात धुण्याइतका स्वस्त आणि गुणकारी उपाय दुसरा नाही. पण जो उपाय सगळ्यांवर चालतो असे वाटते, तो चुकीच्या वाटेवर खर्ची पडतो आणि खरी वाट मोकळी राहते. 2020 च्या मार्चमध्ये कोविडच्या साथीत बरेलीत परगावाहून परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटना हा रोग हवेतून पसरत नाही असे ठासून सांगत होती. आपणही दुधाच्या पिशव्या धुतल्या, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवली, वर्तमानपत्र उन्हात टाकले. दूषित वस्तूला हात लागून लागण होण्याची शक्यता दर स्पर्शामागे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल 2021 मध्ये जाहीर केले. तोवर बंद, वातानुकूलित दालनांतली हवा श्वासावाटे वाटली जात होती आणि खिडकी उघडा हे सांगायला फारसे कुणी नव्हते.

डेंग्यूचे उदाहरण तर दर पावसाळ्यात दारात येते. रोगी सापडला की गल्लीत धूरफवारणीची गाडी फिरते, लोकांना बरे वाटते, नगरसेवकालाही काम केल्याचे समाधान मिळते. धुराने मरतात ते त्या वेळी उडणारे डास. डेंग्यूचा एडिस डास गटारात वाढत नाही, त्याला साठलेले स्वच्छ पाणी लागते: कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, गच्चीवरचा टायर, झाकण नसलेला पिंप. तो दिवसा चावतो, म्हणून रात्रीची मच्छरदाणी इथे अपुरी पडते. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात आणि बहुतेक डास जन्मले तिथून दोन-चारशे मीटरपलीकडे जात नाहीत. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्यसेविका घरोघर सांगत येतात त्यामागे हा हिशेब असतो. पाणी नुसते ओतून भागत नाही, भांडे घासावेही लागते, कारण अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. ज्या वस्तीत नळाला दोन दिवसांआड पाणी येते तिथे पिंप भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते, हेही इथे सांगितले पाहिजे. अशा घराला दंडाची नोटीस देण्यापेक्षा घट्ट झाकण आणि रोजचे पाणी देणे हे पालिकेचे काम आहे.

आणखी एक शंका गंभीर आहे. वाट शोधायची म्हणजे बोट माणसांकडे दाखवायचे; अमक्यामुळे रोग आला म्हणून त्याला वाळीत टाकायचे. पुण्यातल्या घरझडतीचा अनुभव असलेल्या समाजाला ही भीती वाटणे रास्त आहे. पण पुरावा उलट बाजूने बोलतो: माणसे कोंडली गेली ती वाट चुकीची ठरवल्यामुळे. गाठीच्या प्लेगमध्ये शेजारी गुन्हेगार नव्हता, पिसू होती. (प्लेग फुप्फुसांत उतरला तर तो खोकल्यातूनही पसरतो, आणि तेव्हा रोग्यापासून अंतर राखावेच लागते, वाट बदलली की उपाय बदलतो.) क्षयाच्या रोग्याचे ताट-वाटी वेगळे ठेवणारी घरे आजही पुष्कळ आहेत. क्षय भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. त्या सुनेला किंवा आजोबांना वेगळे ताट देऊन पदरी पडतो तो फक्त अपमान. 1956 मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात काही क्षयरोग्यांना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरांत ठेवून औषधे दिली गेली. घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना लागणीचा धोका वाढला नाही. औषध सुरू झाले की रोग्याच्या श्वासातून जंतू बाहेर पडणे झपाट्याने कमी होते. वाट औषधानेच बंद होते. रोग्याला घराबाहेर काढण्याचे शास्त्रीय कारण तिथेच संपले, आणि जगभरची आरोग्यधामे त्यानंतर रिकामी होत गेली. एचआयव्हीचेही तेच. तो शरीरसंबंध, रक्त, सुई आणि आईकडून बाळाला या वाटांनी जातो. शेजारी बसून जेवल्याने, हात हातात घेतल्याने तो जात नाही, हे नीट पोचले असते तर कित्येक मुलांना शाळेच्या दारातून परत पाठवले गेले नसते.

वाट ओळखण्याखेरीज हाताशी दुसरे फारसे काही नाही, असा एक रोग आज सिंधुदुर्गात आणि गोव्यात आहे. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि मागोमाग माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्या तापाचा विषाणू शोधला आणि तो गोचिडीच्या चाव्यातून येतो हेही दाखवले. गावकरी त्याला माकडताप म्हणतात. 2015 मध्ये तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दिसला, 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. या विषाणूवर खास औषध नाही, आणि जुनी लस पुरेसे संरक्षण देत नाही म्हणून तिचा वापर थांबला. हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजू गोळा करण्याचा आणि पालापाचोळा आणण्याचा. चावणारी गोचिडीची पिल्ले इतकी बारीक असतात की चटकन दिसतही नाहीत. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही, त्यामुळे रोग्याच्या घराला टाळण्याचे काही कारण नाही. करायचे ते बागेत जाण्याआधी आणि परतल्यावर: अंगभर कपडे, हातापायांना गोचिडी दूर ठेवणारे तेल, पाचोळ्यावर न बसणे, घरी येताच गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे धुणे. मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वनखात्याला कळवायचे. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी आसपासच्या जमिनीवर उतरतात, म्हणून त्याच्या भोवतालच्या परिसरात कीटकनाशक टाकले जाते, आणि खबर जितकी उशिरा पोचेल तितके त्या रानातून ये-जा करणारे पाय वाढतात.